दातेरी कडं

शाळेत माझ्या टेबलावर एक पितळेचं कडं असतं. वह्यांचा गठ्ठा वाऱ्यानं उडू नये म्हणून मी ते त्यावर ठेवते. दर वर्षी चौथीत नवी मुलं येतात आणि दर वर्षी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे कोनाचं कंगन होय जी?" (आमच्या भंडारा जिल्ह्यात मोठ्यांशी बोलताना असं 'जी' लावतात बरं का! ऐकायला फार गोड वाटतं.)

पण ते कंगन नाहीच मुळी. त्याच्या बाहेरच्या कडेला करवतीसारखे बारीक बारीक दाते आहेत. आतली बाजू नरसाळ्यासारखी उतरती, आणि तिच्यावर केसाएवढ्या रेघा. हातात घालून मिरवायला गेलात तर ओरखडे निघतील! ते आहे एका ट्रकच्या गिअरबॉक्समधलं कडं. आता मी तुम्हाला म्हटलं, की या कड्याची गोष्ट थेट इंग्लंडच्या जॅग्वार मोटारीपर्यंत जाते, तर तुम्ही म्हणाल, मॅडम थापा मारतात. मारत नाही. पण एकदा मारली होती. तिथूनच सुरुवात करते.

भंडाऱ्याहून लाखनीकडे निघालं की हमरस्त्यावर गडेगाव लागतं. तिथं अशोक लेलँडचा कारखाना आहे. १९८२ च्या सुमारास तो उभा राहिला आणि ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनवू लागला. माझे बाबा तिथं फिटर होते. कारखान्याच्या बसनं जायचे, बसनं यायचे. कधी पहिली पाळी, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. त्यांच्या शर्टाला एक वास असायचा, गिअर ऑइलचा. आई कितीही घासू दे, तो जायचा नाही.

मी पाचवीत होते, १९९७ साली. उन्हाळ्यात नागपूरचा मामेभाऊ आला. त्याच्याकडे एक छोटी लोखंडी मोटार होती, हिरवी, नाकावर झेप घेणारा चंदेरी प्राणी. "जॅग्वार आहे ही! इंग्लंडची!" तो मला हात लावू देईना. वर म्हणाला, "तुझे बाबा काय बनवतात? ट्रकचे नट आवळतात ना?"

जून उजाडला. शाळेत निबंध आला, 'माझे वडील'. आणि मी काय लिहिलं असेल? 'माझे वडील मोटारी बनवतात. त्या मोटारींच्या नाकावर चंदेरी जॅग्वार असतो.' बाईंना निबंध आवडला. त्यांनी तो वर्गासमोर वाचायला लावला. मी वाचत होते, आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, हिचे बाबा आन् माझे बाबा एकाच लायनीवर हायेत जी. ते तं गिअरबॉक्स बनवतेत!"

वर्ग हसला. मी वही घेऊन खाली बसले. कान तापले होते.

ही बातमी कारखान्याच्या बसमधून बाबांपर्यंत दोन दिवसांत पोचली. दुसरी पाळी करून ते रात्री उशिरा आले. मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. त्यांनी हात धुतले, जेवले आणि माझ्या उशाशी येऊन बसले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "काहून बेटा, गिअरबॉक्स म्हनायची लाज वाटली का तुले?"

मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

पुढच्या रविवारी बाबा मला त्यांच्या मित्राच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथं एका जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स फोडलेला होता. भंगारात टाकायच्या ढिगातून मित्राला विचारून त्यांनी हे कडं उचललं, रॉकेलनं धुतलं आणि माझ्या हातावर ठेवलं. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव! घरोघरी पितळेची गुंडी, पितळेची परात. पण असलं दातेरी पितळ मी पहिल्यांदाच पाहत होते.

"एसटीत चढतेस ना?" बाबांनी विचारलं. "बस थोडी हालली असन आन् तू उभ्यानंच पाय टाकला, तं का होईन?"

"पडीन."

"आन् बसच्या बराबर चार पावलं धावून मंग पाय टाकला, तं?"

"चढीन."

"तेच काम हे कडं करते."

(तुम्ही मात्र चालत्या बसमध्ये चढू नका. बाबा नुसतं समजावून सांगत होते!)

आता नीट समजून घ्या. इंजिन गरगर फिरत असतं. गाडी उभी असताना ती ढकलायला जोर जास्त लागतो, वेग कमी चालतो. एकदा पळू लागली की उलट. म्हणून मधे लहान-मोठी दातेरी चाकं बसवलेली असतात. ड्रायव्हर कधी ही जोडी निवडतो, कधी ती. पण गिअर बदलताना एक भाग एका वेगानं फिरत असतो, दुसरा वेगळ्याच. तशीच दाताला दात भिडवले तर खर्रर्र! जुन्या काळचे ड्रायव्हर दोनदोनदा क्लच दाबून, कानानं अंदाज घेऊन दोघांचा वेग जुळवायचे. मग युक्ती निघाली. दाते भिडण्याआधी हे पितळेचं कडं फिरणाऱ्या चाकाच्या उतरत्या भागावर अलगद घासतं. घासता घासता दोघांचा वेग सारखा होतो, आणि मग दाते आवाज न करता एकमेकांत शिरतात. या युक्तीला म्हणतात सिंक्रोमेश. अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत ती पहिल्यांदा आली. आणि गडेगावात माझे बाबा जे बनवत होते, ते सिंक्रोमेशचे गिअरबॉक्स.

हे सगळं मला त्या दिवशी कळलं असं नाही. मला डोळ्यांसमोर ती हिरवी जॅग्वारच दिसत होती. ते बाबांना कळलं असावं. परत येताना सायकलवरून ते म्हणाले, "तुह्या त्या जॅग्वारवाल्याईचा आन् आमचा मालक एकच होता, माईत हाये का?"

मला वाटलं, आता बाबा थाप मारताहेत.

पण थाप नव्हती. पुढं डीएड करताना आणि नंतर नोकरीत, जसं पुस्तक हाती येईल तसं मी हे सगळं शोधून वाचलं. ते तुम्हाला सांगते.

ट्रकच्या कपाळावर 'अशोक लेलँड' वाचता ना तुम्ही? यातला अशोक म्हणजे एक खराखुरा मुलगा. रघुनंदन सरन नावाच्या उद्योजकांनी १९४८ साली मद्रासला कंपनी काढली आणि आपल्या मुलाचं नाव तिला दिलं, अशोक मोटर्स. ऑस्टिन नावाच्या इंग्लिश मोटारी ती इथं जोडायची. आणि लेलँड? ते माणसाचं नाव नाही, गावाचं आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं गाव. तिथल्या कंपनीची सुरुवात कशानं झाली सांगू? वाफेवर चालणाऱ्या, गवत कापायच्या यंत्रानं! पुढं ती ट्रक आणि बस बनवण्यात मोठी झाली आणि १९५० च्या दशकात अशोकशी तिची भागीदारी झाली. झालं 'अशोक लेलँड'.

आता तिकडची दुसरी बाजू. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इंग्लंडची दैना उडाली होती. पोलाद मोजून मिळायचं, आणि तेही परदेशी माल विकून पैसा आणणाऱ्या कारखान्यांना आधी. अशा दिवसांत कोण ऐटबाज मोटारी बनवील? पण बनवल्या. या बंद, चार दारांच्या मोटारींना इंग्रज 'सलून' म्हणतात. आपल्याकडे सलून म्हणजे केस कापायचं दुकान! शब्द तोच, बसायच्या प्रशस्त खोलीचा.

रोल्स-रॉइस आणि बेंटली या सर्वांत महागड्या. त्यांची सिल्व्हर क्लाउड १९५५ ची, सिल्व्हर शॅडो १९६५ ची. राजेमहाराजांमुळे त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात, मी नाही लिहीत. मला आवडतात विल्यम लायन्स. जॅग्वारचे मालक.

लायन्सनी १९२२ मध्ये एका मित्राबरोबर मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. कंपनीच्या नावात 'एसएस' ही अक्षरं होती. युद्धात हिटलरच्या क्रूर सैनिकांची संघटनाही एसएस! म्हणून १९४५ मध्ये ती अक्षरं टाकून दिली आणि उरलं नुसतं जॅग्वार. त्यांचा कारखाना कॉव्हेंट्री शहरात होता. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी या शहराची राखरांगोळी केली होती. बॉम्बनं आग लागली तर विझवायला हवी, म्हणून कारखान्यात रात्रीचा पहारा असायचा. लायन्सनी काय केलं, आपल्या हुशार इंजिनिअरांच्या पाळ्या आपल्याबरोबरच लावून घेतल्या. वर विमानांची भीती, आणि खाली हे लोक बसून चर्चा करताहेत, की युद्ध संपल्यावर आपण कसलं इंजिन बनवू! त्या रात्रपाळ्यांतून जे इंजिन निघालं ते १९४८ मध्ये लोकांनी पाहिलं. एक्सके त्याचं नाव. ते १९९२ पर्यंत बनत राहिलं. ४४ वर्षं! रात्रपाळीला माझ्या बाबांनी कायम नावं ठेवली. मी त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा मात्र ते बराच वेळ हसत होते.

१९५० मध्ये या इंजिनाची मोठी सलून आली, मार्क सेव्हन. ताशी १६० किलोमीटर वेग, आत कातड्याच्या गाद्या, आक्रोडाच्या लाकडाची चकाकती पट्टी, आणि किंमत मात्र बेंटलीच्या मानानं पुष्कळच कमी. १९५९ ला मार्क टू आली. ती इतकी चपळ, की बँका लुटणारे चोर तीच गाडी पसंत करायचे. मग त्यांना पकडायला पोलिसांनीही तीच घेतली! लायन्सची मोटार ठरवायची रीतही न्यारी. कागदावरच्या चित्रावर त्यांचा भरवसा नसे. खऱ्या मोटारीएवढा नमुना करवून घ्यायचे, घरासमोरच्या हिरवळीवर उभा करायचे आणि त्याच्याभोवती फिरून फिरून बघायचे. १९६८ ची एक्सजे सिक्स ही त्यांच्या हातची शेवटची सलून. माझ्या मते एवढी देखणी चार दारांची मोटार दुसरी नाही. पण माझं मत पक्षपाती आहे, ती हिरवी खेळण्यातली मोटार मला अजून आठवते.

आणि आता खरी गंमत ऐका. एवढ्या शाही मार्क सेव्हन आणि मार्क टू, त्यांच्या साध्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं! म्हणजे माझं हे कडं तिथं नव्हतं. ती पेटी बर्मिंगहॅमच्या मॉस कंपनीच्या नमुन्याची, जुन्या वळणाची. गिअर बदलताना जरा थांबून, मनात 'एक, दोन' म्हणून बदलावा लागे. घाई केली की खर्रर्र! बाहेरून चंदेरी प्राणी झेप घेतोय आणि आत पेटी कुरकुर करतेय. सगळ्या गिअरांना सिंक्रोमेश असलेली पेटी जॅग्वारमध्ये १९६४-६५ मध्ये आली. हे वाचलं त्या रात्री मी बाबांना उठवून सांगितलं. ते अंथरुणात उठून बसले. "खरंच? जॅग्वारमंदी?" त्यांनी दोनदा विचारलं. मग पाणी प्यायले आणि झोपले. सकाळी चहा घेताना आईला म्हणाले, "आयकलं का, जॅग्वारचा पयला गिअर खरखर करे."

जॅग्वारसारखीच दुसरी मानाची कंपनी रोव्हर. १९४९ ची रोव्हर ७५ दिसायला फार मजेदार होती. दोन नेहमीचे दिवे होतेच, पण नाकावर मधोमध आणखी एक दिवा, जणू तिसरा डोळा! पण चालायला इतकी शांत आणि भरवशाची, की लोक या मालिकेतल्या गाड्यांना लाडानं 'आँटी' म्हणायचे. म्हणजे आपली आत्याबाईच की! पुढची मोठी रोव्हर १९५८ ची. ती राणीनंही वापरली, पंतप्रधानांनीही. १९७३ मध्ये ती बनणं बंद झालं, तरी सरकारनं शेवटच्या काही गाड्या घेऊन साठवून ठेवल्या. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्या निवासस्थानी आल्या त्या अशाच एका जुन्या रोव्हरमधून.

मग हे सगळं बिघडलं कसं? तिथंच आपला लेलँड येतो. लेलँडनं १९६१ मध्ये ट्रायम्फ मोटारींची कंपनी घेतली, १९६७ मध्ये रोव्हर घेतली. तिकडे जॅग्वार १९६६ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या गटात गेली होती. १९६८ मध्ये हे दोन्ही गट एक झाले. नाव पडलं ब्रिटिश लेलँड. कालपर्यंत जॅग्वार, रोव्हर, ट्रायम्फ एकमेकांची गिऱ्हाइकं ओढत होत्या. आता एकाच घरातल्या सुना! एकीनं चांगलं केलं की दुसरीच्या पोटात दुखायचं. रोव्हरनं एक मोठी नवी मोटार जवळजवळ तयार केली होती. ती जॅग्वारला आड येईल म्हणून १९७१ मध्ये गुंडाळून टाकली. संप झाले, रंग उडू लागले, गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या. १९७५ मध्ये सरकारलाच कंपनी ताब्यात घ्यावी लागली.

जॅग्वारच्या इंजिनिअरांना तर एकच धास्ती होती, की वरचे साहेब आपल्या गाडीत रोव्हरचं इंजिन घालायला लावतील. असं सांगतात, की त्यांनी नव्या मोटारीची पुढची जागा मुद्दाम अशी अरुंद आखली, की रोव्हरचं रुंद इंजिन त्यात मावूच नये! ती मोटार १९८६ मध्ये बाहेर आली. तोवर जॅग्वार वेगळीही झाली होती. १९८० मध्ये जॉन एगन तिचे प्रमुख झाले. गाड्या बिघडतात का याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा बरेचसे दोष बाहेरून येणाऱ्या लहानसहान भागांत निघाले. मोटार आपली, नाव आपलं, आणि घात करतोय कुठला तरी स्विच, कुठली तरी नळी! मग ते भाग बनवणाऱ्यांच्या मागे ते हात धुऊन लागले. गाड्या सुधारल्या आणि १९८४ मध्ये जॅग्वार ब्रिटिश लेलँडमधून सुटली. अशोक लेलँडमधला इंग्रजांचा वाटा १९८७ मध्ये हिंदुजा गटाकडे आणि इटलीच्या इव्हेकोकडे गेला.

आता बेरीज करून पाहा. गडेगावचा कारखाना १९८२ च्या सुमाराचा, जॅग्वार सुटली १९८४ ला. म्हणजे दोनेक वर्षं कॉव्हेंट्रीची जॅग्वार आणि आमचं गडेगाव खरोखरच एका छत्राखाली होते. चुलत-चुलत का होईना, भावंडंच. बाबा खरं बोलले होते.

एक सलून तर भारतातही आली होती. १९७६ ची नव्या घाटाची रोव्हर, युरोपात बक्षीस मिळवलेली. तिचे साचे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं आणले आणि १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' नावानं ती विकायला काढली. अंगरखा रोव्हरचा, पण इंजिन? १९४० च्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीच्या घराण्यातलं! किंमत भारी, पेट्रोल खायची भरपूर, आणि एवढं मोठं धूड ओढताना इंजिनाला धाप लागायची. १९८८ मध्ये तिचा कारभार आटोपला. मला त्या गाडीची कीव येते. नवं अंग दिलं, छाती जुनीच ठेवली.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. जॅग्वार १९८९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डनं घेतली, आणि जून २००८ मध्ये आपल्या टाटांनी. लँड रोव्हरसकट, २३० कोटी डॉलरला! रोव्हर हे नावही सोबतच आलं. एकेकाळी भांडणाऱ्या त्या दोघींची नावं आता मुंबईच्या मालकाच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. पुढं पुण्यात जॅग्वार जोडायलाही सुरुवात झाली.

निबंधाचं राहिलंच. त्या रविवारनंतर मी कडं घेऊन शाळेत गेले आणि बाईंना म्हटलं, मला माझा निबंध बदलायचा आहे. त्यांनी वर्गासमोर बोलू दिलं. मी एसटीत चढायची गोष्ट सांगितली, कडं सगळ्या बाकांवरून फिरवलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं ते सर्वांत जास्त वेळ धरून ठेवलं. तिच्या बाबांनी तिला कधी दाखवलं नव्हतं म्हणे.

बाबा आता निवृत्त आहेत. मागच्या दिवाळीत खरेदीला आम्ही नागपूरला गेलो होतो. वर्धा रोडवर एका मोठ्या हॉटेलसमोर एक काळी जॅग्वार उभी होती. मी बाबांचा हात ओढून दाखवली. इतक्या वर्षांनी, खरी! माझं लक्ष तिच्या चकाकीकडे. आणि बाबा कुठं? ते गुडघ्यावर हात टेकून, वाकून गाडीच्या खाली पाहत होते.

दाराशी उभा असलेला पहारेकरी धावत आला. "ओ काका, का पाहून राहिले?"

"गिअरबॉक्स दिसते का, तं पाहून राहिलो जी."

पहारेकरी हसला. "ॲटोमॅटिक हाये ते, काका."

बाबा हळूहळू सरळ झाले. पॅन्टीची धूळ झटकली. "मंग याच्यात आपलं कडं नसन," ते मला म्हणाले, आणि गाडीच्या तोंडाकडे न बघता बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले.